जुन्या टू स्ट्रोक डर्ट बाईकचं कार्ब ट्यूनिंग, जेटला हात लावायच्या आधी आणि नंतर

जुनी टू स्ट्रोक डर्ट बाईक नीट पळेना की पहिला आळ कार्बवर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरवर, येतो. मग एअर स्क्रू फिरवला जातो, कुणीतरी सांगितलं म्हणून मेन जेट (जेट म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारा भोकाचा पितळी तुकडा) दोन नंबर बारीक पडतो, वर नीडलची क्लिपही हलते, हे सगळं एकाच दुपारी, आणि संध्याकाळी गाडी कशाने सुधारली की कशाने बिघडली ते कुणालाच सांगता येत नाही. खरं म्हणजे इतक्या जुन्या गाडीत बऱ्याचदा दोष सेटिंगचा नसतोच, झीज असते नाहीतर कुठूनतरी हवा ओढत असते, आणि तशा गाडीवर जेट बदलत बसणं म्हणजे नुसता वेळ घालवणं. त्यामुळे या लेखातला पहिला बराचसा भाग ट्यूनिंगचा नाहीच, तो उडवून खाली जाऊ नका.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करा. पेट्रोल जास्त, हवा कमी म्हणजे रिच. पेट्रोल कमी, हवा जास्त म्हणजे लीन. रिच गाडी धूर करते, प्लग काळा करते, फडफडते, वैताग आणते, पण सहसा इंजिन वाचतं. लीन गाडी मात्र सीझ व्हायच्या, म्हणजे पिस्टन सिलिंडरमध्ये अडकून बसायच्या, जरा आधी मस्त पळते, एकदम कडक वाटते, आणि मग जाते. प्रीमिक्सवर, म्हणजे पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून, चालणाऱ्या इंजिनात पिस्टन, बेअरिंग सगळ्यांना ऑइल पेट्रोलमधूनच मिळतं, म्हणजे पेट्रोल कमी झालं की उष्णता वाढते आणि वंगणही तेवढंच घटतं, दोन्हीकडून मार. म्हणून शंका असेल तेव्हा नेहमी रिचकडून सुरुवात करायची आणि हळूहळू खाली यायचं, उलटं कधीच नाही.

ऑइलचं प्रमाणही आधीच ठरवून टाका. ३२:१ म्हणजे लिटरला साधारण ३१ मिली, ४०:१ म्हणजे २५ मिली. कुठलं घ्यायचं यावर लोक रात्रभर भांडू शकतात, मी त्यात पडत नाही, गाडीच्या आणि ऑइलच्या कंपनीने सांगितलंय ते घ्या आणि मग बदलू नका. कारण ऑइल वाढवलं की त्याच जेटमधून जाणाऱ्या मिश्रणात पेट्रोल कमी होतं, म्हणजे "सेफ्टीसाठी थोडं जास्त ऑइल" टाकणारा माणूस जेटिंगच्या हिशोबाने गाडी लीन करत असतो. फरक लहान असतो पण दर टाकीला प्रमाण वेगळं असेल तर ट्यूनिंगला काही अर्थ उरत नाही.

आधी गाडी तपासा, कार्ब नंतर

एअर फिल्टर धुऊन, फिल्टर ऑइल लावून, कडा नीट बसवून. पेट्रोल ताजं, कित्येक महिने टाकीत पडलेलं नाही. प्लग नवा आणि मॅन्युअलमध्ये असेल त्याच हीट रेंजचा (प्लग किती गरम राहतो त्याचा नंबर). सायलेन्सरचं पॅकिंग जळालेलं नको, पॉवर व्हॉल्व्ह (एक्झॉस्टच्या वाटेतली हलती झडप) असेल तर कार्बनने चिकटलेला नको, कॉम्प्रेशन धड हवं. रीड व्हॉल्व्ह (कार्ब आणि इंजिनच्या मधली, एकाच दिशेने उघडणारी पाकळ्यांची झडप) बाहेर काढून उजेडासमोर धरा, पाकळ्यांच्या टोकाला तडा, तुकडा उडालेला किंवा बंद असताना फट दिसते का बघा. रीड खराब असली की किक मारून पाय दुखतो, कार्बमधून मागे पेट्रोल उडतं आणि खालच्या रेसला गाडी घुटमळते, आणि हे सगळं अगदी पायलट जेट, म्हणजे कमी थ्रॉटलला पेट्रोल देणारा लहान जेट, चुकल्यासारखंच दिसतं.

आता हवा ओढण्याचा विषय, यावर जरा थांबू, कारण इंजिनं इथेच मरतात. कार्ब आणि इंजिनच्या मधला रबरी बूट जुना झाला की त्याला बारीक चिरा पडतात, वरून दिसत नाहीत, हाताने वाकवला की उघडतात. दुसरी जागा क्रँकचे सील. मॅग्नेटोच्या बाजूचं सील गेलं की बाहेरची हवा आत येते आणि गाडी लीन होते. क्लचच्या बाजूचं गेलं की गिअर ऑइल आत ओढलं जातं, सायलेन्सरमधून जाड पांढरा धूर येतो, जळक्या ऑइलचा वास येतो आणि कुठेही गळती नसताना गिअर ऑइलची पातळी उतरत जाते.

ओळखायची साधी खूण म्हणजे रेस देऊन थ्रॉटल सोडला तरी आरपीएम खाली यायला वेळ लावतं, वरच लटकून राहतं, कधी खाली येतं कधी नाही. पायलट लीन असला तरी असंच होतं, म्हणून एअर स्क्रू आत घेऊन, म्हणजे थोडं रिच करून, बघा, तरीही लटकतंच असेल तर गळती शोधा. काहीजण चालू इंजिनवर बुटाभोवती कार्ब क्लीनर मारून आरपीएम बदलतं का बघतात. चालतं, पण तापलेल्या एक्झॉस्टशेजारी तो स्प्रे पेट घेऊ शकतो, शिवाय क्रँकच्या सीलपर्यंत तो धड पोचतही नाही.

खरी टेस्ट प्रेशरची. एक्झॉस्टचं तोंड रबरी बुचाने बंद करा, इनटेकला नळी घातलेलं बूच लावा, प्लग जागेवर ठेवा आणि बीपी मोजायच्या मशीनचा फुगा जोडून आत साधारण ६ पीएसआय भरा. पंप मोठा घेऊन जोर करू नका, जास्त प्रेशरने चांगलं सीलसुद्धा जागेवरून सरकतं. काटा स्थिर राहिला तर उत्तम, मिनिटाला १ पीएसआयपेक्षा जास्त पडत असेल तर साबणाचं पाणी घेऊन शोधायचं. सिलिंडरच्या खालचं गॅस्केट, रीडचा ब्लॉक, बूट, मॅग्नेटोचं कव्हर आणि फ्लायव्हील काढून तिथलं सील. क्लचच्या बाजूला बुडबुडे बघता येत नाहीत, तिथे गिअरबॉक्सच्या ब्रीदर नळीचं टोक पाण्यात बुडवा, बुडबुडे आले की सील गेलं. अर्ध्या दिवसाचं काम आहे, कंटाळवाणं आहे, पण इतिहास माहीत नसलेली जुनी गाडी घेतली असेल तर ही टेस्ट झाल्याशिवाय फुल थ्रॉटल देऊ नका असंच मी म्हणेन.

कार्ब उघडल्यावर

जपानी कार्बचे बाऊलचे (तळातल्या पेट्रोलच्या वाटीचे) स्क्रू साध्या चौफुली स्क्रूड्रायव्हरने घसरतात आणि डोकी गोल होतात, त्यांना जेआयएस (जपानी मापाच्या) टोकाचा लागतो, तो आणाच. जेट पितळेचे असतात, खाचेत पूर्ण बसणारं रुंद टोक घ्या, नाहीतर खाच फाटून पायलट आतच अडकून बसेल.

पायलट जेट काढून उजेडाकडे धरा. त्याचं भोक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतं, इतक्या लहान भोकात वाळलेल्या पेट्रोलचा पातळसा थर बसला तरी तो एक-दोन साईझ बारीक झाल्यासारखा वागतो. भोक कडेपर्यंत स्वच्छ गोल दिसलं पाहिजे, एका बाजूला तपकिरी सावली दिसत असेल तर तो साफ नाही. तार घालू नका, पितळ मऊ असतं, भोक ओरखडतं नाहीतर मोठं होतं आणि जेटवरचा नंबर खोटा ठरतो. क्लीनरमध्ये भिजवा, हवा मारा, फारच अडलं तर नायलॉनचा बारीक धागा. नाहीतर सरळ नवा टाका. कार्बच्या बॉडीतल्या बारीक वाटांमधूनही स्प्रे मारा आणि तो दुसऱ्या टोकाने बाहेर येतोय हे डोळ्याने बघा, डोळ्याला चष्मा लावून, कारण तो नेमका तोंडावरच येतो.

मग झीज. बाऊलमध्ये येणारं पेट्रोल बंद करणाऱ्या फ्लोट नीडलच्या टोकावर गोल खाच पडली असेल तर ओव्हरफ्लो होणारच. चोकच्या प्लंजरच्या तळाचं रबर कडक झालं असेल तर चोक बंद असूनही पेट्रोल गळत राहतं आणि तुम्ही बसता एअर स्क्रू फिरवत. स्लाइड, म्हणजे थ्रॉटल दिला की वर उचलली जाणारी झडप, बॉडीत हलवून बघा, खूप खडखडत असेल तर तिथूनही हवा जाते आणि आयडलिंग कधीच स्थिर होणार नाही. आणि सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते जेट नीडल आणि ती ज्या नळीत वरखाली होते त्या नीडल जेटकडे. हजारो वेळा घासून नीडलवर चकचकीत पट्टा पडतो आणि नीडल जेटचं गोल भोक अंडाकृती होतं. अशी गाडी अर्ध्या थ्रॉटलला कायम रिच असते, क्लिप सगळ्यात वरच्या खाचेत घातली तरी सुधारत नाही. दोन्ही पार्ट जोडीने नवे टाकले की एकदम फरक पडतो.

शेवटी फ्लोटची उंची. कार्ब आडवा तिरपा धरायचा, फ्लोटची जीभ नीडलच्या स्प्रिंगच्या पिनला नुसती टेकली पाहिजे, दाबली जाता कामा नये, आणि त्या स्थितीत मॅन्युअलमधलं माप जुळवायचं. ही पायरी गाळली तर पुढचे सगळे जेट चुकीच्या पातळीवर सेट होतात. परत बसवताना स्लाइडची कापलेली बाजू एअर बॉक्सकडे. उलटी बसली तर स्टार्ट होताच गाडी किंचाळते.

कुठल्या थ्रॉटलला काय काम करतं

कार्बला आरपीएम कळत नाही, त्याला स्लाइड किती उघडली एवढंच कळतं. म्हणून "खालच्या गिअरला मार खाते" अशा वर्णनाचा उपयोग नाही, थ्रॉटल किती उघडा होता ते सांगा. त्यासाठी ग्रिपवर एक पांढऱ्या टेपची रेघ आणि शेजारच्या थ्रॉटल हाऊसिंगवर बंद, पाव, अर्धा, पाऊण, फुल अशा खुणा करा. दिसायला बावळट दिसतं पण याशिवाय सगळा अंदाजपंचे कारभार.

बंदपासून पावच्या जरा आतपर्यंत पायलट जेट आणि एअर स्क्रू. तिथून पावपर्यंत स्लाइडचा कट, तो सहसा बदलावा लागत नाही. पाव ते पाऊण नीडल. पाऊणच्या वर मेन जेट. या हद्दी एकमेकींत मिसळतात, पायलट बदलला तर वर नीडलच्या भागातही थोडा फरक जाणवतो, म्हणून एकावेळी एकच गोष्ट बदलायची आणि तीही एकाच पायरीने.

नीडलचा घोळ बऱ्याच जणांचा होतो. क्लिप वर सरकवली की नीडल खाली जाते, म्हणजे लीन. क्लिप खाली सरकवली की नीडल वर येते, म्हणजे रिच. खाचा वरून मोजतात.

स्क्रूचंही असंच. तो स्लाइडच्या एअर बॉक्सकडच्या बाजूला असेल तर एअर स्क्रू, आत फिरवला की रिच, बाहेर फिरवला की लीन. इंजिनकडच्या बाजूला असेल तर तो पेट्रोलचा स्क्रू आणि सगळं उलटं. जुन्या टू स्ट्रोकवर बहुतेक एअर स्क्रूच सापडतो, तरी एकदा बघून घ्या.

प्रत्यक्ष सेटिंग

इंजिन पूर्ण गरम करा. थंड इंजिनवर लावलेलं सेटिंग खोटं असतं. सुरुवातीला मेन जेट मॅन्युअलपेक्षा एक-दोन नंबर मोठा, क्लिप मधल्या खाचेत, एअर स्क्रू पूर्ण आत हलक्या हाताने टेकवून दीड फेरा बाहेर. मेन मुद्दाम मोठा, कारण खालचं सेट करताना चुकून फुल थ्रॉटल गेला तरी इंजिन सुरक्षित राहतं.

आधी पायलट. आयडल स्क्रूने रेस जरा वर ठेवा, मग एअर स्क्रू पाव पाव फेरा हलवत जा आणि प्रत्येक वेळी थोडं थांबा, इंजिनला उत्तर द्यायला वेळ लागतो. जिथे आरपीएम सगळ्यात जास्त आणि आवाज स्वच्छ, ती जागा. मग आयडल स्क्रूने रेस खाली आणा, आणि परत एकदा एअर स्क्रू तपासा. आता फेरे मोजा. चांगली जागा एका फेऱ्याच्या आतच येत असेल तर इंजिन पेट्रोल मागतंय, पायलट एक नंबर मोठा टाका. अडीच फेऱ्यांच्या बाहेर जावं लागत असेल तर पायलट मोठा आहे, एक नंबर लहान. दीड-दोनच्या मधे आली की बस. पडताळा हवा असेल तर सकाळी बघा, गार इंजिन चोकशिवाय सहज सुरू होत असेल तर खाली रिच आहे, आणि गरम इंजिनलाही चोक लागत असेल तर लीन.

मग नीडल. न्यूट्रलमध्ये रेस देऊन काही कळत नाही, लोड हवा. सपाट मोकळ्या जागेत तिसऱ्या गिअरमध्ये अर्ध्या खुणेवर थ्रॉटल स्थिर धरा. बडबड, धूर, दर दुसरा ठोका चुकल्यासारखा आवाज म्हणजे रिच, क्लिप एक खाच वर. गाडी आपोआप पुढेमागे ओढतेय, टणटण आवाज येतोय, लवकर तापतेय म्हणजे लीन, क्लिप एक खाच खाली. नीडल पहिल्या किंवा शेवटच्या खाचेत जाऊन बसत असेल तर वर सांगितलेली झीज तपासा, नाहीतर नीडलच चुकीची आहे.

मेन शेवटी. गरम गाडी, सरळ सुरक्षित रस्ता, चौथा गिअर, फुल थ्रॉटल. मोठा जेट आहे तर वर जाऊन फडफडली पाहिजे, पूर्ण खुलणार नाही. नसेल फडफडत तर आणखी मोठा टाका, फडफड ऐकल्याशिवाय खाली येऊ नका. मग एकेक नंबर कमी करत जा, जिथे वरपर्यंत स्वच्छ ओढते तिथे थांबा आणि एक नंबर परत मोठा टाका. सगळ्यात कडक पळणारा जेट शोधून तोच ठेवायचा मोह होतो, तो रेसवाल्यांसाठी ठीक, त्यांच्याकडे दुसरा पिस्टन असतो. फुल थ्रॉटलला गाडी अचानक कुणीतरी मागून धरल्यासारखी मंद झाली तर क्षणात क्लच दाबा आणि थ्रॉटल सोडा, ती सीझ व्हायची सुरुवात असते.

नक्की करायचं असेल तर प्लग बघा. नवा प्लग लावून फुल थ्रॉटलला ओढा, मग किल स्विच, क्लच आणि थ्रॉटल बंद हे तिन्ही एकदम, आणि आयडलवर न आणता प्लग काढा. वरच्या टोकाचा रंग बघून निकाल देऊ नका, आजच्या पेट्रोलवर तो एका फेरीत धरत नाही. भिंग घेऊन पोर्सलीनच्या अगदी तळाशी, जिथे ते धातूत जातं, तिथे बघा. तिथे तपकिरी धुराचं कडं हवं. कडंच नाही आणि पोर्सलीन पांढरं फटक असेल तर लीन. पोर्सलीनवर मिरपुडीसारखे करडे ठिपके चिकटलेले दिसले तर ते पिस्टनचं ॲल्युमिनियम आहे, तिथेच थांबा. आणि प्लगचा रंग सुधारावा म्हणून हीट रेंज बदलू नका, तो उपाय नव्हे.

एकदम थ्रॉटल दिल्यावर गाडी गप्प होते त्याला बोगिंग म्हणतात, आणि ते रिच की लीन हे कानाने पहिल्यांदा ओळखणं अवघड. लीनचा आवाज पोकळ, "ब्वाऽऽ" करून श्वास कोंडल्यासारखा. रिचचा ओला, "बर्रबर्रबर्र", आणि नंतर खुलते. खात्री करायला चोक अर्धवट ओढून तेच परत करा. सुधारलं तर लीन, आणखी बिघडलं तर रिच. फुकटात होणारी टेस्ट आहे, जेटचा डबा उघडायच्या आधी ही करा.

दोन कार्ब असलेल्या गाडीत, उदाहरणार्थ यामाहा बॅन्शीमध्ये, हे सगळं करायच्या आधी दोन्ही स्लाइड एकाच क्षणी उचलल्या जातात का ते बघा. एक केबल मिलिमीटरभर सैल असली तरी दोन सिलिंडर दोन वेगळ्या थ्रॉटलवर चालतात आणि एकच बिचारा सगळं ओढतो.

हवामान

१० अंशावर घट्ट असलेली हवा ३० अंशावर साधारण ६-७ टक्के विरळ होते. उंचीवर १००० मीटर चढलं की जवळपास १० टक्के. विरळ हवेला पेट्रोल कमी लागतं, म्हणजे गारठ्यात किंवा खाली लावलेली गाडी उन्हात किंवा डोंगरावर रिच होईल, फडफडेल, पण जगेल. धोका उलट्या दिशेला. भर दुपारी कडक उन्हात अगदी बारीक करून लावलेली गाडी थंडीत पहाटे काढली, किंवा डोंगरावर सेट करून खाली आणली, की ती काही न करता लीन झालेली असते. अशा वेळी मेन एक-दोन नंबर मोठा टाकूनच निघायचं, पायलटला अर्धा फेरा स्क्रू आत घेतला तरी बहुतेक भागतं.

लांब उतारावर इंजिन ब्रेकिंग करत बंद थ्रॉटलवर उतरू नका, आरपीएम वर आणि पेट्रोल जवळपास शून्य, म्हणजे ऑइलही शून्य. मधूनमधून थोडा थ्रॉटल द्या किंवा क्लच दाबून ठेवा.

जेट विकत घेताना नंबरांचा गोंधळ होतो. केहिनचे नंबर भोकाच्या व्यासावर असतात, १६० म्हणजे १.६० मिमी. मिकुनीचे मोठे षटकोनी मेन जेट मात्र मिनिटाला किती पेट्रोल जातं त्यावर, म्हणून मिकुनीचा ३०० आणि केहिनचा १६० यांची तुलनाच होत नाही. नकली जेटमध्ये तर एकाच नंबरचे दोन जेट सारखे निघतील याची खात्री नाही, निदान मेन तरी खरे घ्या. आणि जे काही शेवटी बसलं ते, पायलट, क्लिपची खाच, मेन, स्क्रूचे फेरे, त्या दिवशीचं तापमान, ऑइलचं प्रमाण, सगळं एका टेपवर लिहून एअर बॉक्सच्या झाकणाच्या आतून चिकटवा, पेननं नको, पेट्रोल लागलं की शाई जाते, पेन्सिलने लिहा.